गोळीची सुट्टी

“झाली का?” हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला तेव्हा औषधाच्या खिडकीपुढे माझ्या मागे निदान पंधरा माणसं उभी होती, आणि त्यांत आमच्या कॉलेजातली दोन मुलंही होती.

“काय झाली का?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“लघवी. सल्फाची गोळी घेऊन राहिली ना तू? मग पाणी भरपूर, लघवी भरपूर. आवक सगळेच पाहतात पोरी, जावक कोण पाहते?”

मी घरी येऊन आईला सांगून टाकलं की मरेन, पण त्या माणसाच्या खिडकीवर परत जाणार नाही. आई म्हणाली, “तुला निदान खिडकीवर तरी विचारलं. मला भर रस्त्यात, दूधवाल्यासमोर विचारलं.” त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव जावककाका पडलं.

बाबांची पुण्याहून भोपाळच्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही टाउनशिपमध्ये राहायला आलो. जावककाका मूळचे नागपूरचे. सरकारी कचेऱ्या नागपुराहून भोपाळला हलल्या तेव्हा त्यांचं कुटुंब त्या कचेऱ्यांबरोबर आलं, जवाहर चौकाजवळ राहिलं आणि इथलंच झालं. टाउनशिपच्या दवाखान्यात ते फार्मासिस्ट होते. सगळी टाउनशिप त्यांना कंपाउंडर म्हणायची आणि ते दर वेळी “फार्मासिस्ट” अशी दुरुस्ती करायचे. समोरचा “जी कंपाउंडर साहब” म्हणून माफी मागायचा. हे इतकी वर्षं चाललं की शेवटी तो एक प्रकारचा नमस्कारच होऊन बसला होता.

औषध पोटात गेल्यावर काय करतं, यात त्यांना विशेष रस नव्हता. ते डॉक्टरांचं काम. आपलं काम त्यानंतर सुरू होतं असं ते मानत. “आलं कसं ते चिठ्ठीवर लिहिलं आहे. जाईल कसं ते कुठं लिहिलं आहे?” असं म्हणून ते चिठ्ठी उलटी करून तिची कोरी बाजू दाखवायचे. तिकडे बघून माणूस उगाच घाबरायचा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बीट खायचे. बीट खाल्ल्यापासून लघवीला तांबडा रंग येईपर्यंत किती तास लागले, त्यावरून स्वतःच्या मूत्रपिंडांची परीक्षा घ्यायचे. बिट्टन मार्केटच्या बाजारात भाजीवाल्याला “भैया, रंग पक्का है ना?” असं विचारताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे. भाजीवाला बिचारा म्हणाला, “साहब, सब्ज़ी है, साड़ी नहीं.” पुढे माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं की बिटाचा रंग सगळ्यांच्या लघवीत उतरतच नाही आणि त्यावरून मूत्रपिंडांचं काहीही कळत नाही. म्हणजे ते आयुष्यभर भलत्याच परीक्षेत पास होत होते. या माणसाच्या बाबतीत माझा गोंधळ असा जागोजागी आहे. ज्या तोंडाने ते शुद्ध शास्त्र सांगत, त्याच तोंडाने बिटाचंही सांगत. कुठे मान डोलवायची आणि कुठे हसू दाबायचं ते कळायचं नाही.

एकदा लेथवर काम करणारा एक धिप्पाड सरदारजी रडकुंडीला येऊन खिडकीवर उभा राहिला. त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि सकाळी लघवी भगव्या रंगाची झाली होती. आपण आता वाचत नाही असं त्याने घरी सांगूनही टाकलं होतं. जावककाका खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, “मुबारक हो! निकल रही है! रंग के साथ निकल रही है!” रांगेतल्या लोकांना वाटलं, सरदारजींना मुलगा झाला. दोघांनी तर मिठाईसुद्धा मागितली.

शरीरातून औषध बाहेर कसं पडतं, हे त्यांनी मला कारखान्याच्या भाषेत समजावलं होतं. मी कला शाखेची, त्यामुळे त्यांना माझी कीव यायची. “हे पाहा, फॅक्टरीतून साधा खिळा न्यायचा तरी गेट पास लागते. लागते ना? लिव्हर म्हणजे पास बनवणारं ऑफिस. औषधाचं रूप बदलते, शिक्का मारते. किडनी म्हणजे गेटवरचा शिपाई. पास पाहते अन् सोडते.”

“सगळ्याच औषधांना पास लागतो?”

“नाई ना बाप्पा. काही औषधं मोठी मानी. ऑफिसात जात नाहीत, रूप बदलत नाहीत. जशी आली तशीच गेटवर जाऊन उभी राहतात. मग सगळा भार शिपायावर. अन् शिपाई म्हातारा असला म्हणजे?”

म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण मागचा माणूस खोकला.

आणखी एकदा मी त्यांना विचारलं की औषध पूर्ण जायला किती वेळ लागतो. ते म्हणाले, लग्नातली गर्दी डोळ्यांपुढे आण. पहिल्या दोन तासांत निम्मे लोक जेवून जातात. पुढच्या दोन तासांत उरलेल्यांतले निम्मे. मग त्यांतले निम्मे. मी म्हटलं, असं निम्मं निम्मं जात राहिलं तर कोणी ना कोणी राहणारच की, मांडव कधीच रिकामा व्हायचा नाही. ते खूश झाले. “राहतेच! एक मामा शेवटपर्यंत राहतेच. पण पाच वेळा निम्मं झालं की गेलं असं समजायचं.”

“समजायचं म्हणजे? गेलं की नाही?”

“समजायचं,” ते ठामपणे म्हणाले, आणि मी आणखी गोंधळून घरी आले.

आईला ते पाणी भरपूर प्या म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या, पाय सुजणाऱ्या मिश्राजींना त्याच सुरात पाणी कमी करा म्हणायचे. दोघं एकाच वेळी खिडकीवर असले तर दोघांनाही वाटायचं, आपल्याला चुकीचं सांगितलंय. मिश्राजी आईला जिन्यात विचारायचे, “भाभीजी, ये आदमी ठीक है ना?” आई म्हणायची, “पता नहीं.”

तर असा माणूस. बाबांना मे महिन्यात हृदयाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर हृदयासाठी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. ती आठवड्यातून पाचच दिवस घ्यायची आणि दोन दिवस बंद ठेवायची. गोळ्या घ्यायला मी बाबांबरोबर गेले होते. जावककाकांनी वीस गोळ्या मोजल्या, चार आठवड्यांच्या, आणि पुडी बाबांच्या हातात ठेवत ठसक्यात म्हणाले, “साहेब, ही मानी गोळी आहे. हिला आराम लागते. तुम्हाला सुट्टी, त गोळीला सुट्टी!”

बाबा हसले. बाबा क्वचित हसत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. ते ड्रॉइंग ऑफिसात चेकर होते. दुसऱ्यांनी काढलेल्या यंत्रांच्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधायच्या हे त्यांचं काम, आणि त्यांची शिस्तही तशीच होती. लिहिलेलं ते पाळायचं, सांगितलेलं तेही पाळायचं. त्यांच्या ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी असायची. त्या दोन दिवशी ते गोळीच्या पुडीला हातसुद्धा लावायचे नाहीत. हे दहा महिने अगदी बिनबोभाट चाललं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना जेवण जाईनासं झालं. आधी फोडणीचा वास नको झाला, मग भातही. एक दिवस ऑफिसातून तणतणत आले. प्रिंट काढणाऱ्या माणसाशी त्यांचं भांडण झालं होतं. म्हणाले, “सगळे प्रिंट पिवळे काढलेत गाढवाने. चाळीस शीट परत पाठवल्या.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताखालचे एक गृहस्थ घरी आले आणि आईला हळूच म्हणाले की प्रिंट नेहमीसारखेच होते. मग बाबा ऑफिसच्या बसऐवजी मिसरोदच्या बसमध्ये बसले आणि शेवटच्या थांब्यावर उतरून तिथेच उभे राहिले. ओळखीच्या एका माणसाने त्यांना घरी आणून सोडलं. त्या संध्याकाळी त्यांनी आईला “ताई” अशी हाक मारली. ताई म्हणजे त्यांची वारलेली बहीण.

माझ्या आजोबांचं डोकं साठीच्या आधी गेलं होतं. शेवटी ते स्वतःच्या मुलांना भाडेकरू समजत. बाबांना तेव्हा छप्पन्नावं लागलं होतं. घरात कोणी तोंडाने काही बोलत नव्हतं, पण आई आजोबांच्या वेळच्या गोष्टी आठवून आठवून मोजत होती, हे मला दिसत होतं. मी तिच्यावरच चिडायचे. मला फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते, ही माझी जुनी खोड आहे. बाबा मात्र रोज सकाळी दाढी करून ऑफिसला जात होते. मार्च होता. वर्षाचं काम पुरं करायचं म्हणून कारखाना एकही दिवस बंद नव्हता.

एका शनिवारी सकाळी गोळ्यांची पुडी रिकामी झाली. ऑफिसला निघायच्या आधी बाबा मोरीत ओकले आणि पहिल्यांदाच घरी थांबले. मी खिडकीवर जाऊन म्हटलं, “बाबांच्या गोळ्या संपल्या.”

जावककाकांनी मागची चिठ्ठी पाहिली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “कशा संपल्या?”

“कशा म्हणजे? घेतल्या म्हणून संपल्या.”

“वीस दिवस झाले फक्त. पाच राहायला पाहिजेत. कुठं गेल्या?”

मला वाटलं, हा माणूस आपल्यावर चोरीचा आळ घेतोय. मी आवाज चढवला. घरी बाबांची काय अवस्था आहे आणि तुम्ही गोळ्या कसल्या मोजत बसलात, असं काहीतरी बोलून गेले. त्यांनी बाकीचं ऐकलंच नाही. “अवस्था म्हणजे काय? जेवतात?”

“नाही.”

“त्यांना पिवळं दिसून राहिलं काय?”

ही गोष्ट घराबाहेर एका माणसाला सोडून कोणालाच माहीत नव्हती. “हो,” मी म्हटलं. जावककाकांनी खिडकीची फळी धाडकन खाली ओढली. बाहेर रांग ओरडली, “अरे कंपाउंडर साहब, कहाँ चले?” पहिल्यांदाच त्यांनी “फार्मासिस्ट” म्हटलं नाही. मला सायकलच्या मागे बसवून ते आमच्या घरी आले, चपला न काढता आत गेले, बाबांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट उभे राहिले. बेचाळीस ठोके. शेजारच्यांच्या फोनवरून त्यांनी दवाखान्याची गाडी मागवली. आईला म्हणाले, “वहिनी, डोकं ठीक आहे यांचं. गोळी साचली आहे, म्हणून पिवळं दिसते. गेटवरचा शिपाई थकला अन् आत गर्दी झाली. डोकं ठीक आहे.” हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर आई खाली बसली आणि रडायला लागली.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. बाबांची मूत्रपिंडं हळूहळू मंदावली होती आणि ती गोळी शरीरातून जवळजवळ जशीच्या तशी मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. दोन दिवसांच्या खंडात कसंबसं जमत होतं, रोज घेतल्यावर जमलं नाही. आता गोळी बंद करायची, हृदयावर नजर ठेवायची आणि ती बाहेर पडायची वाट बघायची.

मग वाट बघणं सुरू झालं. जावककाका ड्यूटी संपली की येऊन बाबांच्या खाटेशी बसायचे आणि विचारायचे, “साहेब, भिंत कोणत्या रंगाची?”

“पिवळी,” बाबा म्हणायचे.

दुसऱ्या दिवशीही पिवळी. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. बाबा आता आम्हाला ओळखत होते, दोन घास खात होते, तरी भिंत पिवळीच. आईचा धीर सुटत चालला. पाचव्या दिवशी केरळची नर्स सलाइन बदलता बदलता म्हणाली, “दीवार तो पीली ही है. दिवाली में पेंट किया.” आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत खरोखरच पिवळी होती, फिक्कट, पण पिवळी. इतके दिवस आमच्यापैकी कोणी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. जावककाकांनी घाईघाईने चादर उचलून धरली. “ही?”

“पांढरी. पण धुवायला झाली आहे,” बाबा म्हणाले. चेकर परत आला होता.

आम्ही इतके हसलो की नर्सने आम्हाला गप्प केलं. तेवढ्यात डॉक्टर राउंडवर आले आणि खाटेशी थांबून बाबांना म्हणाले, “साहब, आप तो इतने कायदे के आदमी हैं. दो दिन की छुट्टी रखनी थी. रोज़ क्यों खा ली?”

“छुट्टी थी ही नहीं,” बाबा म्हणाले. “मार्च है, साहब. सारे शनिवार-इतवार वर्किंग थे. छुट्टी अप्रैल में मिलेगी.”

डॉक्टर हसायला लागले. शेजारच्या खाटेवरचे फोरमनसाहेबही हसले. सगळा वॉर्ड हसला, कारण त्या वॉर्डात प्रत्येकाचा शनिवार-रविवार त्या महिन्यात कारखान्याने घेतला होता आणि प्रत्येकाला बाबांचं म्हणणं बरोबर वाटत होतं. जावककाका तेवढे हसले नाहीत. बाबा त्यांच्याकडे वळून अगदी निर्मळपणे म्हणाले, “तुम्हीच नव्हता का म्हणालात? तुम्हाला सुट्टी, तर गोळीला सुट्टी.”

ते उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात ते खिडकीतच ठेवून घेतलेली बाबांची जुनी चिठ्ठी दोन्ही हातांत धरून उभे होते. डॉक्टरांच्या अक्षरात तिच्यावर इंग्रजीत शनिवार आणि रविवार असे वार लिहिले होते. सुट्टी हा शब्द कुठेच नव्हता.

“सुट्टी मी म्हटलं,” ते म्हणाले. “दिवाळीनंतर दोन गोळ्या जास्तीच्या उरल्या होत्या. दिवाळीची सुट्टी झाली म्हणून. मी पाहिलं होतं. वाटलं, विसरले असतील. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं पोरी. जगाला विचारून राहिलो, यांनाच विचारलं नाही.”

घरी आल्यावर मी आईपुढे फुटले. एका टाळीच्या वाक्यासाठी त्या माणसाने माझ्या बाबांना वेडं केलं, मारलंच होतं जवळजवळ, आणि आपण त्याला चहा काय देतो, आभार काय मानतो? आई भाजी चिरत होती. म्हणाली, “गोळ्या कोणी मोजल्या? तू की मी? आपण तर तुझ्या बाबांना वेड लागलं असं धरूनच बसलो होतो.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण त्याने साधं शनिवार म्हणायला काय झालं होतं!” म्हणजे तिचाही निकाल लागला नव्हता. माझा तर आज इतक्या वर्षांनीही लागलेला नाही. बाबांना त्यांनी वाचवलं आणि त्यांच्यामुळेच बाबांवर वेळ आली, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती एकाच माणसाबद्दल कशी म्हणायची ते मला कोणी शिकवलेलं नाही.

त्यानंतर खिडकीवरचे जावककाका बदलले. लग्न, मामा, गेट पास सगळं बंद. “शनिवार. रविवार. या दोन दिवशी नाही. बोला तुम्ही.” समोरच्याकडून वदवून घेतल्याशिवाय पुडी द्यायचे नाहीत. रांग लांबत जायची आणि लोक वैतागायचे. सरदारजीने एकदा त्यांना चिडवायला “मुबारक हो” म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. कोणी कंपाउंडर म्हटलं तरी दुरुस्ती करेनात. मला त्यांचा राग होता, तरी ते पाहून वाईट वाटायचं. तो जुना आगाऊ माणूसच बरा होता, असं आईही म्हणाली.

बाबांना डॉक्टरांनी पुढे तीच गोळी अर्धी करून पुन्हा सुरू केली. त्या पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजली आणि आवाज आला, “साहेब, उद्या-परवा नाही!” बाबांनी व्हरांड्यातून हात वर केला. पुढच्या शुक्रवारी परत. थंडीत कानाला मफलर बांधून, पावसात छत्री धरून ते येत राहिले. आत कधी आले नाहीत, चहाला म्हटलं तर ड्यूटी आहे म्हणायचे, नसली तरी. बाबा निवृत्त झाले, मग रोजच सुट्टी झाली, तरी शुक्रवार चुकला नाही. बाबांना ते आवडायचं नाही. “मला वार कळतात,” असं ते पुटपुटायचे, आणि सहाच्या सुमारास व्हरांड्यात जाऊन बसायचे.

पुढे जावककाकाही निवृत्त झाले आणि मुलाजवळ मिसरोदला राहायला गेले. मग शुक्रवारी सहाला फोन यायला लागला. बोलणं तेवढंच. बाबा “बरं” म्हणून ठेवून द्यायचे. एकूण नऊ वर्षं हे चाललं.

बाबा गेले ते न्यूमोनियाने. त्या गोळीचा त्यात काही संबंध नव्हता. जावककाका स्मशानात आले होते, सगळ्यांच्या मागे उभे होते आणि तसेच परत गेले. मी सासरहून येऊन आईजवळ राहिले होते. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने पदराला हात पुसले आणि फोन उचलला.

आई म्हणाली, “बोला ना.”

“वहिनी,” ते म्हणाले. ते इतक्या मोठ्याने बोलत की मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. “चुकून लागला. हात गेला. माफ करा.”

ते ठेवणार होते. आई घाईने म्हणाली, “थांबा. मला ब्लडप्रेशरची गोळी आहे. तिला सुट्टी असते का हो?”

ते खिडकीवरच्यासारखं एकेक शब्द तोडून म्हणाले, “नाही वहिनी. तिला सुट्टी नाही. ती रोज. रविवारी पण रोज.”

“मग दर शुक्रवारी मला एवढं सांगत जा,” आई म्हणाली. “मी विसरते.”

आई ती गोळी सहा वर्षं घेत होती आणि एकदाही विसरली नव्हती.